लाइन कुणाच्या नावावर होती

लाइन हा शब्द मी शाळेत शिकलो नाही. तो मी रेशनच्या दुकानापुढे शिकलो, आणि शिकवला आईने, जिची सही म्हणजे अंगठा होता.

आमची वाडी सावित्रीच्या काठाला, तुडीलच्या बाजूला. गाव वेगळं, आमची बौद्धवाडी वेगळी. वडील मुंबईला गोदीत हमाली करायचे. छातीचं दुखणं घेऊन ते परत आले, दोन पावसाळे पडवीत खोकत काढले आणि गेले. मागे आई, मी आणि दोन बहिणी. आई लोकांच्या शेतावर लावणीला जायची, कापणीला जायची, मधल्या महिन्यांत मिळेल ते करायची. घरात पेज असायची, पण रोज नाही. त्या वर्षांत रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना फुटायची आणि गिळताना टोचायची. पण तीही संपून जायची, म्हणून आई उजाडायच्या आधी पिशवी घेऊन निघायची.

एकदा मी तिच्याबरोबर होतो. गावातल्या बऱ्या घरची एक बाई मागून आली आणि आईला म्हणाली, जरा बाजूला हो, आम्हाला घेऊ दे. तोवरचा सगळा जन्म आई बाजूला होत आली होती. त्या दिवशी ती हलली नाही.

"लाइन हाय ना ही? लाइनीत फुडं न् मागं असतं, बाय. वर न् खाली नसतं."

दुकानदार हसला. पण पिशवी त्याने आधी आईची भरली.

मी महाडच्या कॉलेजात बी.एस्सी. झालो. वाडीतला पहिला. हे मी फार वेळा सांगतो असं माझी मुलं म्हणतात. सांगतो. ज्याच्या घरात आधी कुणी शिकलेलं असतं त्याला ते सांगावं लागत नाही. पदवी हातात आल्यावर वर्षभर वणवण केली आणि वीजखात्यात लागलो, उपकेंद्रावर ऑपरेटर म्हणून. तिथे आईचा तो शब्द मला इतक्या अंगांनी भेटला की मोजदाद सोडून दिली. खात्यात लाइन म्हणजे खांबांवरच्या तारा. लोकांच्या तोंडी लाइन म्हणजे वीजच. लाइन आली, लाइन गेली, आज लाइन डीम आहे. टेलिफोन मुका झाला की लाइन नाही. नळाचं पाणी यायचं ती पाण्याची लाइन, पोलीस राहायचे ती पोलीस लाइन. माझ्या लग्नाची बोलणी चालली तेव्हा मुलीच्या मामाने पहिलं विचारलं, मुलगा कुठल्या लाइनीत आहे. कॉलेजात पोरं मुलींच्या मागे फिरायची तिलाही लाइनच म्हणत. तिच्या वाटेला मी गेलो नाही, कारण वेळ नव्हता आणि पायांत धड चपलाही नव्हत्या.

बाकी सगळ्या लाइनी निरुपद्रवी. माणूस मारायची ताकद एकीतच होती, आणि तिची कळ आठ तास माझ्या हाताखाली असायची.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले गमतीचे प्रसंग लिहा म्हणून कळवलं आहे. एक सांगतो. शिवथरकडची एक म्हातारी एकदा उपकेंद्राच्या फाटकाशी आली. टोपलीत काकड्या होत्या. नातीचं लग्न होतं आणि तिला कुणीतरी सांगितलं होतं की महाडला एक माणूस बसतो, तो लाइन सोडतो. मला खालून वर बघून ती म्हणाली, "तूच रं तो? मंग त्या दिशी कंजूषपना करू नको." मी तिला समजावलं, आजी, वीज वरून येते, मी फक्त पुढे देतो. तिला ते पटलं नाही. काकड्या ठेवून गेली. लग्नाच्या दिवशी लाइन टिकली, आणि खोटं कशाला सांगू, त्यात आपलाच काही हात आहे असं मला वाटलं. मार्चात चवदार तळ्यावर माणसं लोटायची त्या दिवशी तर मी पाळी मागून घ्यायचो. आज लाइन जाता कामा नये, असं स्वतःलाच बजावत बसायचो. तरुण होतो. मी लाइन सोडतो, याची एक मिजास होती.

आता कामाची पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

उपकेंद्रातून चार दिशांना चार लाइनी निघायच्या. त्यातली एक पोलादपूरवरून पुढे घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांकडे जायची. पावसात तिच्यावर झाडं पडायची, वेली चढायच्या, चिमण्या फुटायच्या. तारा ज्यावर बांधतात त्या चिनी मातीच्या घुंगरांना आम्ही चिमण्या म्हणायचो. दुरुस्तीला लाइनमन वर चढणार तर लाइन बंद हवी. बंद तारेत आणि चालू तारेत डोळ्यांना काही फरक दिसत नाही. कावळा दोन्हीवर सारखाच बसतो. म्हणून लाइनमन आधी ऑपरेटरकडे परवानगी मागतो. तिचं नाव लाइन क्लिअर. ऑपरेटर कळ उघडतो, म्हणजे लाइन बंद करतो, कळीवर पाटी अडकवतो आणि रजिस्टरात लाइनमनचं नाव, नंबर आणि वेळ लिहितो. त्या क्षणापासून लाइन त्या माणसाच्या नावावर. साहेब आला, मंत्री आला, तरी ती चालू करायची नाही. तो माणूस खाली उतरून लाइन परत देईल तेव्हाच. परत दिल्याची वेळ शेवटच्या रकान्यात लिहायची.

नियम हा असा. पण तिकडच्या वाड्यांमध्ये फोन नव्हता. म्हणून माझ्या आधीपासून एक रीत पडलेली होती. लाइनमन काम संपलं की चिठ्ठी लिहायचा आणि खाली येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. गाडी आमच्या फाटकावरून जायची. कंडक्टर घंटी मारून गाडी थांबवायचा, चिठ्ठी हातात द्यायचा आणि मग आम्ही लाइन सोडायचो. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. त्या गाडीवर इसाकभाई होता. कुणाचं औषध, कुणाची पत्रिका, कुणाचा विसरलेला छत्रीचा दांडासुद्धा तो पोचवायचा. त्याच्याकडची चिठ्ठी कधी हरवली नाही.

त्या भागाचा लाइनमन पांडूतात्या. वय माझ्या दुप्पट, अंगाने काटकुळा, तोंडाने तिखट. मी रुजू झालो त्या आठवड्यात त्याने माझं रजिस्टर उघडून माझं अक्षर बघितलं आणि म्हणाला, "अक्षर झ्याक हाय, ग्रॅज्वेट. पर खांबावर पुस्तक चढत नाय. मानूस चढतो." महाडला आला की तो माझ्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी न विचारता घ्यायचा. मला ते फार बरं वाटायचं. का, ते वाचणाऱ्यांपैकी काहींना सांगावं लागणार नाही.

त्या वर्षी गौरी-गणपतीच्या तोंडावर वादळी पाऊस झाला आणि घाटाकडची लाइन दोन दिवस बंद राहिली. पिठाच्या गिरण्या बंद. पोलादपुरात गिरणीपुढे तांदळाच्या डब्यांची लाइन लागली होती, माणसं डबे ठेवून घरी गेलेली. मुंबईहून आलेले पाहुणे घरोघर. फोन सारखा वाजत होता. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. तात्या आणि त्याचा जोडीदार सकाळी वर गेले. लाइन तात्याच्या नावावर लिहून मी कळ उघडली.

दुपारी त्यांचं काम आटोपलं. तात्याने चिठ्ठी लिहून इसाकभाईला दिली. जोडीदार अवजारं घेऊन त्याच गाडीत बसला. तात्याचं घर तिथून डोंगराच्या कडेने अर्ध्या तासावर, म्हणून तो चालत निघाला. रोज असंच व्हायचं.

गाडी पोलादपुरात आली. तिथे ती वीस-पंचवीस मिनिटं थांबायची, चालक-वाहक चहा घ्यायचे. स्टँडवर लोकांनी इसाकभाईला गराडा घातला, लाइन कधी येणार. तो म्हणाला, काम झालं, चिठ्ठी माझ्या खिशात आहे. मग त्याला वाटलं, चिठ्ठी महाडला पोचेपर्यंत लोकांनी ताटकळत का बसावं? कंट्रोलरच्या टेबलावर फोन होता. त्याने मला फोन लावला.

"तात्याचं काम झालं, साहेब. चिठ्ठी माझ्याकडंच हाय. तेवढी लाइन द्या, लोकांचा खोळंबा झालाय."

मी रजिस्टराकडे बघितलं. चिठ्ठी आली नव्हती. पण चिठ्ठी आहे हे कळलं होतं. आणि सांगत कोण होतं, तर इसाकभाई. मी पाटी काढली आणि कळ दाबली.

लाइन लागली आणि लगेच पडली. पडली म्हणजे आपोआप बंद झाली. पावसाळ्यात हे नेहमीचं. एखादी ओली फांदी टेकलेली असते, ती जळून जाते. एकदा पडली की मिनिटभर थांबून पुन्हा लावून बघायची, अशीच पद्धत होती. मी मिनिटभर थांबलो आणि पुन्हा लावली. या वेळी ती टिकली. पोलादपूरहून फोन आला, लाइन आली म्हणून. मला बरं वाटलं.

बऱ्याच वेळाने गाडी फाटकाशी आली. इसाकभाई खाली उतरून चिठ्ठी देताना हसत म्हणाला, आज पोलादपूरचे घावणे माझ्यामुळे झाले, एक पान माझ्या नावाचं. चिठ्ठीवर तात्याचं वाकडं अक्षर होतं. काम झालं, लाइन परत, नंबर, सही. वेळ नव्हती. तात्या वेळ कधीच लिहायचा नाही. परतीची वेळ भरायचा रकाना आम्ही पाळी संपताना भरायचो, म्हणून तोही कोराच होता.

तासाभराने एक ट्रकवाला निरोप घेऊन आला.

काय घडलं ते नंतर एका धनगराने सांगितलं. वरच्या वाडीतला हा कोंडीबा म्हशी घेऊन ओढ्याच्या अंगाने उतरत होता. तात्या वाटेत भेटला. ओढ्याजवळच्या खांबावर एक बांबू तारेला रेललेला होता, तो कोंडीबाने दाखवला. म्हशी खालून जातात, तेवढा काढून टाक म्हणाला. तात्याने वर बघितलं. चढायच्या आधी तारांवर साखळी टाकून त्या जमिनीला जोडायच्या असतात, म्हणजे चुकून वीज आलीच तर माणसावरून जात नाही. साखळी जोडीदाराबरोबर गाडीतून गेली होती. कोंडीबाने विचारलं, लाइन बंद हाय ना? तेव्हा तात्या जे म्हणाला ते कोंडीबाने चौकशीत तसंच सांगितलं:

"हाय रे. गाडी आजून पोलादपुरात चा पीत असंल."

वर्षानुवर्षं त्या गाडीने त्याला वेळ पाळून दाखवली होती. चढायला पाच मिनिटं, बांबू काढायला पाच, उतरायला पाच. गाडी फाटकाशी पोचायला अजून पाऊण तास. त्याचा हिशोब चुकला नव्हता. फक्त त्या दिवशी निरोप गाडीच्या पुढे गेला.

पहिल्यांदा लाइन लागली तेव्हाच तो गेला, दुसऱ्या वेळेचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते खरं असेल. डॉक्टर चांगला माणूस होता.

साहेब संध्याकाळी आले. तरुण इंजिनियर होते, दोन वर्षांची नोकरी. वाईट माणूस नव्हते, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, कोरा रकाना बघितला आणि दार लोटून घेतलं. म्हणाले, चिठ्ठी तुमच्याकडे आहे, तिच्यावर वेळ नाही. रकान्यात लाइन सोडली त्याच्या दहा मिनिटं आधीची वेळ टाका. गाडी किती वाजता आली हे कोण विचारायला जातंय. म्हणजे असं होतं की तात्याने लाइन परत दिली आणि मग परवानगी नसताना तो पुन्हा चढला. त्यात खोटं काय आहे? चढला तर होताच.

मी विचारलं, मग त्याच्या बायकोचं?

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, कामावरचा मृत्यू धरला जाणार नाही. मुलाला नोकरी मिळणार नाही. आणि खरी वेळ लिहिलीत, तर लाइन त्याच्या नावावर असताना तुम्ही सोडलीत. मग तुमच्या नोकरीवर येईल. "तुमच्या वाडीतले पहिले ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. चौकशीचे अधिकारी उद्या सकाळी येणार होते. तोवर विचार करा म्हणाले.

मी वाडीवर गेलो. धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं. घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा फक्त माझा, आणि तोही आमच्या सगळ्या पिढ्यांत पहिल्यांदा. आई चुलीपुढे होती. मी सगळं सांगितलं. रकाना म्हणजे काय, चिठ्ठी म्हणजे काय, हे तिला समजावत बसलो. तिने मला मध्येच थांबवलं.

"तो मानूस वर गेला, तवा लाइन तुज्याकडं व्हती का त्याच्याकडं?"

"त्याच्याकडं."

"मंग त्याला न इचारता तू घेतलीस."

मी म्हटलं, नोकरी जाईल. ती म्हणाली, "गेली तर गेली. मी हाय अजून." आणि माझ्यापुढे ताट सरकवलं. मला जेवण गेलं नाही. तिला गेलं. ती सगळा जन्म दुःखातच जेवत आली होती.

सकाळी आधी इसाकभाईला गाठलं. खरं लिहिलं तर फोनही लिहावा लागणार होता, आणि त्याच्याही नोकरीचा प्रश्न होता. तो स्टँडवर बाकावर बसून होता, गणवेश आदल्या दिवशीचाच. मी बोलायच्या आधीच म्हणाला, "लिवा. फोन मीच केला. मी भलं करायला गेलो, पर झालं ते माझ्या तोंडानं झालं."

मी रकान्यात गाडी आल्याची खरी वेळ लिहिली. लाइन सोडल्याची वेळ तिच्या वर, आधीची. शेऱ्यात लिहिलं की चिठ्ठी हातात नसताना, तिसऱ्या माणसाच्या फोनवरून मी लाइन चालू केली. खाली सही केली. अक्षर झ्याक आलं होतं.

मला निलंबित केलं. ते सहा महिने आई, त्या वयात, परत दुसऱ्यांच्या शेतात वाकली. बहिणीचं स्थळ मोडलं, वर्षाने दुसरं मिळालं. वाडीत काही जण म्हणाले, एवढा शिकला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. काही जण म्हणाले, वरच्या जातीचा असता तर साहेबांनी रजिस्टरच बदललं असतं. माझ्यासाठीही बदलायला ते तयार होते हे मी कुणाला सांगितलं नाही. नोकरी गेली नाही, पण बढती मला शेवटपर्यंत वेळेवर मिळाली नाही. इसाकभाईने ती गाडी सोडली. पुढे रस्त्यात भेटला तर बोलायचा, पण कुणाचा निरोप न्यायचा नाही. पत्रिकासुद्धा नाही.

निलंबनाच्या काळात मी तात्याच्या घरी गेलो होतो. जायला हवं होतं की नव्हतं, ते अजून कळलेलं नाही. त्याची बायको ओटीवर बसली होती. मी नाव सांगितलं. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"कागूद खरा लिवलात म्हनं," ती म्हणाली. "बरं केलंत. आता माज्या दारात येव नका."

मी परत गेलो नाही.

कागद खरा लिहिला म्हणून माझं मन हलकं झालं असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. खरं लिहिल्याने तात्या खाली उतरला नाही. त्याच्या नावावरची लाइन मी घेतली ती घेतलीच. कळीवर हात ठेवला की ते दुसऱ्यांदा लावणं मला नोकरी संपेपर्यंत आठवत राहिलं. चौकशीत त्याबद्दल मला कुणी एक प्रश्न विचारला नाही, कारण ते पद्धतीला धरून होतं.

परत रुजू झाल्यावर मी माझ्या पाळीपुरती एक रीत घातली. चिठ्ठी कुणाच्याही हातची घ्यायची नाही. ज्याच्या नावावर लाइन, त्याने स्वतः यायचं नाहीतर स्वतः फोनवर बोलायचं, वेळ सांगायची, साखळी काढली का ते सांगायचं आणि खाली उतरलेल्या माणसांची नावं एकेक करून सांगायची. जवळ फोन नसेल तर पोलादपूरला यायचं, तोवर लाइन बंद. लाइन पडली तर विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा लावायची नाही. लोक शिव्या द्यायचे. लाइनमनही द्यायचे, चार-पाच मैल उलटं चालावं लागायचं म्हणून. एकाने तोंडावर सांगितलं, "एक मानूस मारलास न् आता आम्हाला चालवून मारतोस." मी ऐकून घेतलं, आणि त्याला उतरलेल्यांची नावं विचारली. दोन वर्षांनी साहेबांनी तीच रीत सगळ्या पाळ्यांना लावली. एसटीतून चिठ्ठी पाठवणं बंद झालं.

तात्याच्या मुलाला खात्यात घेतलं. तो लाइनमन झाला, बापाच्याच भागात. माझ्याकडून त्याने कितीतरी वेळा लाइन क्लिअर घेतली आणि परत दिली. आम्ही नाव, नंबर आणि वेळ यापलीकडे कधी बोललो नाही. मी निवृत्त झालो त्या दिवसापर्यंत आमच्या उपकेंद्रातून सोडलेल्या लाइनीवर दुसरा माणूस मेला नाही.